धुराचा निवाडा

तळोद्याच्या अलीकडच्या एका गावात मी चार वर्षं शाळामास्तर होतो. मूळचा नाशिककडचा, वय तेवीस, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. माझ्याकडे एक साप्ताहिक यायचं. रविवारी दुपारी चावडीपुढच्या निंबाखाली मी ते मोठ्यानं वाचून दाखवायचो.

त्या वर्षी दूरच्या एका देशात यादवी माजली होती. सरकार एका बाजूला, बंडवाले दुसऱ्या बाजूला. एका गावावर विषारी धूर सोडला गेला आणि घरातली माणसं घरातच मेली, अशी बातमी आली. सरकार म्हणे बंडवाल्यांनी सोडला, बंडवाले म्हणत सरकारनं. साप्ताहिकानंही हात झटकले होते. खरं काय ते कळायला मार्ग नाही, एवढंच त्यात छापलं होतं.

आम्ही मात्र निकाल लावायला बसलो. पाटील बंडवाल्यांना दोषी धरत होते, कारण सरकारवर उठणारा माणूस काहीही करील, असं त्यांचं म्हणणं. मी दोष सरकारला दिला. इथल्या सरकारविरुद्ध बोलायची माझी छाती नव्हती. तिथल्या सरकारला झोडपायला माझं काय जात होतं? ज्याच्या हाती साधन असतं त्याच्यावरच संशय घ्यावा, असं मी ठासून सांगितलं. धूर सोडणारे स्वतःच्या तोंडाला पिशवीसारखा मुखवटा बांधतात, म्हणून त्यांना काही होत नाही, हेही समजावलं. ही माहिती मी कुठंतरी वाचली होती आणि ती सांगताना मला फार बरं वाटलं.

तीन रविवार वाद चालला. शेवटी तो मिटवला म्हाताऱ्या कुंभारानं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण गावात डोकं त्याचंच चाले.

"धूर म्हने कसा जास ते माले पुसा," तो म्हणाला. "भट्टी लावनारा पहिले वारा देखस. वारा देखाले येळ लागस, मानसे लागतस. बंडवाला पळता पळता काय करी? हाई काम सरकारनंच शे."

लोकांनी माना डोलावल्या. पाटील रुसून उठून गेले. मी कुंभाराची पाठ थोपटली. माझ्या दुपटीहून जास्त वयाच्या माणसाची पाठ थोपटायला मला काही वाटलं नाही.

पुढं उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकी आली. तालुक्याहून मला लाल औषधाचा डबा आला. गावातल्या सगळ्या विहिरींत ती पूड टाकायची, असा हुकूम होता. पाटलांच्या आळीतल्या विहिरी विनातक्रार झाल्या. कुंभारवाड्यातल्या विहिरीवर मी बादलीत पूड कालवली. पाणी जांभळटलाल झालं आणि कुंभार पुढं आला.

"हाई काय शे, गुरुजी?"

"औषध."

"कोनी धाडं?"

"सरकारनं."

त्यानं बादलीत वाकून पाहिलं. "तठे बी सरकारच व्हतं ना?"

मला आधी हसू आलं. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. मग मी समजावलं, चिडलो, शेवटी विहिरीत टाकायच्याच प्रमाणात औषधाचं पाणी पेल्यात कालवून सगळ्यांदेखत पिऊन दाखवलं.

"टाकनाराले काही व्हत नही," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हीच सांगं व्हतं."

त्याची सून दोन रिकाम्या घागरी घेऊन बाजूला उभी होती, पदर कपाळावर ओढून. आमचा वाद मिटायची वाट पाहत होती. सासऱ्यापुढं ती काय बोलणार? पाटलांना बोलावलं असतं तर त्यांनी दमदाटी करून औषध टाकवलं असतं. किंवा मी आणखी तासभर तिथं बसलो असतो, तर कुंभारानं ऐकलंही असतं. तो हट्टी होता, मूर्ख नव्हता. पण सगळ्यांपुढं माझ्याच शब्दानं माझं तोंड बंद झालं, याचा मला राग आला होता. तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून मी बादली बाजूला मातीत ओतून दिली आणि डबा उचलून निघालो. मागं रहाटाचा करकर आवाज आला. सुनेनं पोहरा सोडला होता.

सहाव्या दिवशी पहाटे तिला पटकी झाली आणि दुपारच्या आत ती गेली. तिला दोन वर्षांचा मुलगा होता. संध्याकाळी कुंभार स्वतः शाळेत आला, डबा घेऊन गेला आणि त्यानंच औषध विहिरीत टाकलं.

तालुक्याहून विचारणा आली, ती विहीर तेव्हा का राहिली? मी लिहिलं, 'लोकांचा विरोध.' ते खोटं नव्हतं. पाटील कुंभाराला दोष देत, कुंभारवाडा मला देई. दोन्हीकडं थोडंफार खरं होतं. माझ्या वाट्याचं किती, ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. मला लाज वाटत होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी साप्ताहिक आलं होतं. वाचायला मी निंबाखाली गेलो, ते निव्वळ सवयीनं. कुंभार नातवाला मांडीवर घेऊन नेहमीच्या जागी बसला होता. माझं वाचून झाल्यावर त्यानं विचारलं.

"गुरुजी, तो धूर कोनी सोडा व्हता? काही समजनं का?"

"नाही," मी म्हणालो. "अजून कोणालाच माहीत नाही."

त्यानं नातवाचं डोकं छातीशी धरलं.

"मंग आपन कसं ठराई टाकं?"