टोमॅटोचा वास

माझा मुलगा टोमॅटो हुंगून घेतो. इथे परदेशात, नोव्हाय गावच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये लोक वळून बघायचे आणि मी कौतुकाने म्हणायचे, आजोबांवर गेलाय. माझे बाबाही साताऱ्याच्या मंडईत टोमॅटो नाकाशी धरल्याशिवाय पिशवीत टाकत नसत. आई त्यांना चोखंदळ म्हणायची. मूल झालं की नाक कुणाचं, कपाळ कुणाचं याची वाटणी करायला आपल्याला फार आवडतं. मीही ती हौसेने केली होती.

मग शाळेत त्याचे डोळे तपासले आणि आम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरबाईंनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. त्यातले मला ठसठशीत दिसणारे आकडे त्याला दिसेनात. लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही, हे आईकडून मुलाला येतं, बरं होत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्याने एकच विचारलं, "बट आय कॅन स्टिल बी अ पायलट, राइट?"

अवघड आहे, त्या म्हणाल्या.

 परतताना गाडीत मी उगाच पुढच्या ड्रायव्हरवर चिडले. मुलाला समजावताही येईना आणि दिलेलं परत घेताही येईना.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मी सगळं सांगितलं, तर नवल वाटण्याऐवजी त्यांनी मान खाली घातली. तेव्हा मला त्यांचे मंडईतले टोमॅटो आठवले, आणि हेही की ते फळ्यावर फक्त पांढरा खडू वापरायचे. रंगीत खडू वाचवतात म्हणून मुलं मागून त्यांना चिक्कू म्हणायची.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दरवर्षी आकृती काढून शिकवायचो गं. बापाचा हा दोष मुलीकडे जातोच. तिला सगळे रंग दिसतात, पण तिच्या मुलात तो येऊ शकतो. तू झालीस तेव्हाच मनात आलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय केलं असतंस?"

मला कडाडून भांडायचं होतं. एरवी मी भांडणात कुणाला ऐकत नाही. पण त्यांचे डोळे भरले होते. मला नुसतं रडू आलं.

शेजारी माझी धाकटी मुलगी इंद्रधनुष्य रंगवत होती, एकही रंग न चुकवता. हे तिच्यात उतरलंय की नाही, ते तिच्याकडे बघून कळणार नाही. माझ्याकडे बघून तरी कुठे कुणाला कळलं होतं? तिने कागद वर धरला आणि छान झालंय ना, असं विचारलं.

मी म्हटलं, छान झालंय. बाकी काही सांगितलं नाही.