खेळपट्टीवर अनवाणी

"बघा, बघा, ठाकरवाडीच्या आल्या. बूट हातात घेऊन फुटबॉल खेळणार म्हणे."

माईकवरच्या माणसानं हे भोंग्यातून सांगितलं आणि स्टेडियमवर जेवढे होते तेवढे सगळे हसले. आमची निवड घेणारे कोचही हसले.

तालुक्याच्या मुलींच्या फुटबॉल संघाची निवड होती. मी आणि माझी मावसबहीण कमळ, वडिवळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतून आलो होतो. या स्टेडियमवर क्रिकेटही होतं, फुटबॉलही. दुसऱ्या दिवशी क्रिकेटची स्पर्धा, म्हणून गोलपोस्ट एका कडेला सरकवलेले. तिकडे जायला मैदान मधून ओलांडलं. मधली खेळपट्टी नुकतीच रोलर फिरवून गुळगुळीत केलेली, अगदी आमच्या खळ्यासारखी. खळ्यावर आम्ही चपला घालून जात नाही. तिथं भात पडतं. पाय आपोआप थांबले. बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी ओलांडून गेलो. एवढंच केलं होतं.

स्पर्धा भरवणारे भाऊ खुर्चीत बसले होते. बागायतदार. स्टेडियमच्या कमिटीवर तेच. त्यांनी बोटानं आम्हाला बोलावलं.

"अनवाणीच हायेस न्हवं? मग मैदानातलं खडं येच. उद्या पोरं डाइव्ह मारत्यात, गुडघं फुटत्यात. मग बगू तुजं."

बादली फक्त आम्हा दोघींच्या हातात दिली. तळेगावच्या, लोणावळ्याच्या मुली वॉर्मअप करत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मी कोचकडे पाहिलं. ते शिट्टी पुसत राहिले.

आम्ही खडे वेचले. सांगायला लाज वाटते, पण मी भराभर वेचले. काम चांगलं दिसलं तर आधी नंबर लागेल असं मला वाटत होतं. मातीत नखं घालून वेचत होते आणि कान तिकडे, गोलपोस्टकडे. एकेकीला हाक मारली जात होती. आमची हाक आलीच नाही.

बादली भरून नेली तेव्हा मुली पाणी पीत होत्या. निवड झाली होती. कोच म्हणाले, नावं पाठवली, पुढच्या वेळी बघू. भाऊंनी पाण्याचा पाइप पायानं माझ्याकडे ढकलला.

"आता पिचवर पानी मार. तुमाला सवय हाय."

मी बूट घातले, नाड्या बांधल्या.

"न्हाई मारनार. मी खेळाया आलते. माजी निवड घ्या, मग जाते."

"हितं तुजं काय हाय गं?"

मी गोलपोस्टमध्ये जाऊन उभी राहिले. कुणी बॉल मारला नाही. वॉचमननं दंडाला धरून गेटबाहेर काढलं. कमळ रडत मागून आली.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मोठ्यांच्या नादी लागू नगं बाय. आपल्याला हितंच ऱ्हायचंय." मला तिचाही राग आला. हितंच राहायचं म्हणजे कुठं? वाडीत खळं सोडलं तर सपाट जागा हातभरसुद्धा नाही. बॉल सुटला की उतारावरून पार खाली.

आता मी नवलाख उंबरे गावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. उभं राहून पाय सुजतात. खेळायचं वय निघून चाललंय, हे रोज कळतं. कमळचं लग्न झालं, तिनं खेळ सोडला. काही दिवस वाटायचं, आपणही सोडावं. झोपताना वाटायचं, उठल्यावर वाटायचं. भाऊ अजून त्याच खुर्चीत आहेत.

या हंगामात पुन्हा निवड आहे. पुन्हा तिथंच, क्रिकेटच्या आदल्या दिवशी. वाडीतल्या चार पोरींना मी घेऊन जाणार आहे. आमच्यातली एकही वाकणार नाही, काही उचलणार नाही. नावं पुकारली नाहीत तर आम्ही मैदानाच्या मधोमध, खेळपट्टीवर बसणार, दुसऱ्या दिवशीही उठणार नाही. मग फुटबॉलही होणार नाही, क्रिकेटही होणार नाही. ओढून बाहेर काढतील. काढू देत. आम्ही परत आत जाऊ.