आरोनभाऊंची रोहा गाडी

मुंबईच्या विमानतळाबाहेर एक माणूस एसटीची पत्र्याची पाटी छातीशी धरून उभा होता. 'मुंबई–रोहा, मार्गे पेण.' गाडीच्या कपाळावर असते तीच पाटी, एका कोपऱ्यात गंजलेली. आजूबाजूला नातेवाइकांची गर्दी होती, पोलीस होते, निरनिराळ्या राज्यांचे सरकारी लोक टेबलं मांडून बसले होते आणि कर्ण्यावरून हिंदी-इंग्रजीत सूचना चालल्या होत्या. त्यातलं काहीच माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पाटी मात्र कळली. रोजच्या गाडीकडे जावं तसा मी सरळ तिच्याकडे चालत गेलो.

१९९० सालचे सप्टेंबरचे दिवस होते. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत ताब्यात घेतलं. तिथे एसी दुरुस्तीचं काम करणारा मी एका बॅगेनिशी बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द, तिथल्या तंबूंमधले दिवस, मग अम्मान असं करत सरकारने पाठवलेल्या विमानातून परत आलो होतो. पासपोर्ट मालकाकडेच राहिला होता. खिशात वकिलातीने दिलेला, फोटो चिकटवलेला एक कागद होता. माझी बायको मंदा आठव्या महिन्यात होती. गरोदर बायकांना आणि लहान मुलांच्या कुटुंबांना आधी पाठवत होते, म्हणून अम्मानला ती माझ्या चार दिवस आधीच्या विमानात चढली. ती पोचली का, पोचली तर पुढे कुठे गेली, यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

पाटीवाल्याने माझं नाव आणि गाव विचारलं. मी म्हटलं, "रघुनाथ. निडी." त्याने काखेतली लांबट वही उघडली आणि बोट एकेका नावावरून खाली आणायला सुरुवात केली. ते बोट फार सावकाश चाललं होतं.

"मंदा रघुनाथ," तो म्हणाला. "शनवारी आली. निडीला नाय पोचली पण."

माझा चेहरा बघून त्याने पुढचं घाईने सांगितलं. "पेणच्या सरकारी दवाखान्यात हाय. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. तुम्ही बसा आधी."

मी तिथेच बॅगेवर बसलो आणि रडलो. त्याने पाटी भिंतीला टेकवली, माझ्या शेजारी फरशीवर बसला आणि माझं रडणं संपेपर्यंत उठला नाही. मग म्हणाला, "गाडी साडेनवाला सुटंल. बारापर्यंत पेण. तिथे दवाखान्याच्या दारात उतरवतो तुम्हाला."

हे आरोनभाऊ. रोह्याच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून. आखाती देशांतून परतणाऱ्या लोकांना विमानतळावरून घरी पोचवायला सरकारने एसटी गाड्या दिल्या होत्या आणि पेण-रोह्याच्या लोकांची जबाबदारी यांच्यावर टाकली होती. बाकी तालुक्यांचे लोक पुठ्ठ्यावर नावं लिहून उभे राहत. आरोनभाऊंनी डेपोतून पाटीच मागून आणली. पुढे मी कारण विचारलं तर म्हणाले, "आपला माणूस दमून आलेला असतो. तो पुठ्ठा कुठला वाचतोय? पाटी बघितली की पाय आपोआप वळतात."

ते राहायला कुंडलिका नदीपलीकडे, अष्टमीला. घराणं बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी यहुदी लोकांपैकी. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून जुनी माणसं त्यांना अजून शनवार तेलीच म्हणत. भाऊबंद एकेक करून इस्रायलला निघून गेले होते. एकुलती एक मुलगी लिया लग्न होऊन तिकडेच गेली. हे आणि रिबकावहिनी मागे राहिले. का राहिलात म्हणून कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तिकडे मला एकाही गाडीचा टाइम ठाऊक नाय."

आणि इकडचा प्रत्येक गाडीचा टाइम त्यांना पाठ होता. अलिबागची गाडी वडखळला किती वाजता वळते, निडीला पॅसेंजर किती मिनिटं थांबते, नागोठण्याला चहाला कोणता ड्रायव्हर जास्त वेळ काढतो, हे सगळं ते न विचारता सांगत. कधी कधी वैताग येई. तुम्ही निघायला उठलात की म्हणत, "आता जाऊन काय उपयोग? पंधरा मिनिटं बसा." मग पंधरा मिनिटांचा तास होई आणि गाडी चुके.

माझी मुलगी कशी जन्माला आली ते मी पाहिलं नाही. मंदाने आणि त्या गाडीतल्या इतक्या जणांनी मला ते सांगितलं आहे की आता मी तिथे होतो असंच मला वाटतं.

त्या शनिवारी गाडीत पंचवीसेक माणसं होती. पेणवाले पेणला उतरले. वडखळ मागे पडलं आणि गडब आलं तेव्हा मंदाच्या शेजारी बसलेल्या जुबेदाभाभी उठून उभ्या राहिल्या. भाभींचे यजमान इक्बालभाई कुवेतला ट्रक चालवायचे. रोह्याजवळच्याच गावची माणसं, दोन मुलांसह परत निघालेली. भाभी पुढे बघून म्हणाल्या, "हिला कळा सुरू झाल्यात."

ड्रायव्हर म्हणाला नागोठणं गाठू. आरोनभाऊ म्हणाले, "नागोठण्याला या वेळी डॉक्टर भेटंल याची खात्री नाय. पेणला हाय. गाडी फिरवा."

कंडक्टर चांगला माणूस होता, पण घाबरला. "साहेब, मार्ग सोडून गाडी मागे नेली तर उद्या मला जाब विचारतील."

"मी लिहून देतो," आरोनभाऊ म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. सरकारी कचेरीत तोंडी काय वाटेल ते मिळतं, लिहून कोणी काही देत नाही. हे देत. त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं की गाडी माझ्या सांगण्यावरून फिरवली, जबाबदारी माझी. खाली सही केली आणि कागद कंडक्टरच्या खिशात घातला. तोवर ड्रायव्हरने गडबच्या दुकानांसमोर गाडी वळवलीसुद्धा होती. मागच्या बाकावर मंदा ओरडत होती आणि आरोनभाऊ तिला सांगत होते, "झालं गो पोरी, वडखळ आलं. आता पेण किती लांब? धर, भाभीचा हात धर."

पेणला मंदाला आत नेल्यावर त्यांनी बाकीच्यांना दुसऱ्या गाडीत बसवायची तयारी केली. कोणी हललं नाही. महिनाभर रखडत आलेली माणसं, घर तासाभरावर राहिलेलं, पण सगळी दवाखान्याच्या आवारात पेरूच्या झाडाखाली बसून राहिली. इक्बालभाई म्हणाले, "वाळवंटातून एकत्र आलो. आता एकीला मागे ठेवून गेलो तर घास उतरणार नाय." कोणीतरी वडे आणले. कोणीतरी रेडिओ लावला आणि भाभींनी तो बंद करायला लावला. चारच्या सुमारास नर्स बाहेर आली.

"मुलगी झाली. लहानशी आहे, पण ठणठणीत रडतेय. नातेवाईक कोण?"

झाडाखालची सगळी माणसं उठून उभी राहिली.

आरोनभाऊ शनिवार पाळत. इतक्या वर्षांत शनिवारी त्यांच्या हातात पेन कोणी पाहिलं नव्हतं. रविवारी येऊन कामं उरकत, पण शनिवारी लिहीत नसत. विमानं वार बघून येत नव्हती, म्हणून त्या महिन्यात ते शनिवारीही विमानतळावर उभे राहिले, पण यादीत नावं दुसऱ्याकडून लिहून घेतली. गडबचा तो कागद मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मी एकदा त्याबद्दल विचारलं. म्हणाले, "आमच्यात जिवाच्या कामाला शनवार आड येत नाय. अक्षर तेवढं वाईट आलं. गाडी हलत होती."

पुढचे काही महिने माझ्या कचेरीत खेपा होत राहिल्या. रेशनकार्ड, मुलीचा म्हणजे आमच्या मुक्ताचा जन्मदाखला, नव्या पासपोर्टची चौकशी. आरोनभाऊंना टेबल-खुर्ची होती, पण लोक आले की ते उठून टेबलाच्या या बाजूला येत आणि बाकावर आमच्याशेजारी बसून अर्ज भरत. नव्या साहेबांना ते आवडलं नाही. आरोनभाऊ म्हणाले, "तिकडून मला त्यांचा कागद उलटा दिसतो, साहेब." साहेबांनी विषय सोडून दिला.

इक्बालभाईंच्या मुलांना एका शाळेत घेईनात. आधीच्या शाळेचा दाखला हवा म्हणत होते. आरोनभाऊ स्वतः हेडमास्तरांकडे गेले, मीही सोबत होतो.

"नियम आहे हो," हेडमास्तर म्हणाले. "दाखल्याशिवाय कसं घेणार?"

"बरोबर हाय," आरोनभाऊ म्हणाले. "मग कुवेतला कोण जातं दाखला आणायला? तुम्ही की मी? तुम्ही जात असाल तर पनवेलपर्यंतची गाडी सांगतो."

हेडमास्तर हसले. मुलं त्याच दिवशी वर्गात बसली.

मग जानेवारी उजाडला, युद्ध पेटलं आणि इराकची क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडू लागली. लिया तेल अवीवजवळ राहत होती. त्या काळी तिकडे फोन लावणं सोपं नव्हतं, पत्राला तीन-तीन आठवडे लागत. आरोनभाऊ कचेरीत येत होते, काम करत होते, पण गाड्यांचे टाइम सांगायचे थांबले होते. त्यावरून सगळ्यांना कळलं.

मी धीर द्यायला म्हटलं, "भाऊ, आपलं सरकार तिकडूनही आणेल ना लोकांना."

"ती आता तिकडची नागरिक हाय," ते म्हणाले. "मला नियम पाठ हाय, रघुनाथ. तिच्या नावाची यादी इकडे नाय होणार."

त्या दिवसापासून आमच्यापैकी कोणी ना कोणी रोज त्यांच्या घरी जाऊ लागलं. ठरवून नव्हे. इक्बालभाई शुक्रवारी नमाज झाल्यावर येत आणि ओटीवर बसून राहत. आम्ही सगळे बॉम्बच्या आवाजातून आलेले लोक, म्हणून आमचा त्यांना उपयोग होता. इक्बालभाई सांगत, "भाऊ, आवाज मोठा असतो. माणूस त्याच्यापेक्षा चिवट असतो. आम्ही नाय का आलो?" जुबेदाभाभी आणि मंदा रिबकावहिनींना स्वयंपाकघरात सोबत करत आणि मुक्ता त्या घरात हातोहाती फिरे.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी मी सकाळी गेलो तर दोघं नवराबायको ओटीवर बसलेले. मध्ये पाटावर एक बंद तार होती. तारवाला ती देऊन गेल्याला तासभर झाला होता.

"फोडली नाय?" मी विचारलं.

रिबकावहिनी म्हणाल्या, "शनवार हाय. फाडायचं नसतं."

मी आरोनभाऊंकडे बघितलं. परक्या बाईच्या बाळंतपणासाठी शनिवारी गाडी फिरवणारा, सही करणारा हा माणूस स्वतःच्या मुलीची खुशाली कळायला संध्याकाळपर्यंत थांबायला निघाला होता. त्यांनी मला तार उघड म्हणून सांगितलं नाही. सांगणंही बहुधा चालत नसावं. ते नुसते नदीकडे बघत राहिले. मी तार उचलली, फाडली आणि मोठ्याने वाचली. सगळे सुखरूप, काळजी करू नका, पत्र येत आहे.

रिबकावहिनींनी पदर तोंडाला लावला. आरोनभाऊंनी आत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "आता लगेच निघालास तर दहा पंचवीसची पॅसेंजर मिळंल. मंदाला सांग जा."

मी धावतच स्टेशनवर गेलो. पॅसेंजर मिळाली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मलिदा केला. त्यांच्या लोकांत नवस फेडायला मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती फळं. पोहे मी पेणहून आणले, नारळ इक्बालभाईंच्या वाडीतले होते. मंत्र म्हणायला लागतात तेवढे त्यांच्या लोकांपैकी दहा पुरुषही आता रोह्यात उरले नव्हते, पेणहून चारजण बोलवावे लागले. आम्ही बाकीचे टोप्या-रुमाल घालून मागे बसलो. गाडीतली जवळजवळ सगळी माणसं आली होती, तो कंडक्टरसुद्धा. मलिदा दोनदा संपला आणि दोनदा करावा लागला. आरोनभाऊंनी एक हिब्रू गाणं मराठी चालीवर म्हटलं. आवाज भयंकर होता. रिबकावहिनी हसून हसून बेजार झाल्या.

आरोनभाऊ निवृत्त झाले आणि वर्षभराने लियाच्या आग्रहावरून दोघंही तिकडे गेले. जाताना अष्टमीच्या घराच्या अंगणात एवढी माणसं जमली की त्यांनी बॅग कुठे ठेवलीय तेच सापडेना. त्यांनी मुक्ताला कडेवर घेतलं. ती तेव्हा शाळेत जायला लागली होती आणि कडेवर घेण्याइतकी लहान राहिली नव्हती, पण तिनेही घेऊ दिलं. मला ते म्हणाले, "साठीला नवा गाव. बघू, काय जमतं." त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण नव्या शाळेत निघालेल्या मुलाची उत्सुकताही होती.

सहा महिन्यांनी पत्र आलं. पाच पानी, ठसठशीत मराठी अक्षरात. लिया बरी, नातवंडं दांडगी, तांदूळ चांगला मिळत नाही. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं:

'आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक सरकारी कचेरी आहे. कुठकुठल्या देशांतून माणसं नव्याने इथे येतात, ती तिथे रांगा लावतात. मीही एकदा माझ्या कामाला गेलो आणि आता रोज जातो. परवा एक म्हातारी बाई भेटली, पार आफ्रिकेतून आलेली. तिचा नातू कुठल्या शाळेत घातलाय ते तिला कोणी सांगेना. तिची भाषा मला येत नाही, इथली भाषा दोघांनाही येत नाही. तीन दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी एका शाळेच्या दारात पोरगा सापडला. तिने त्याला एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने मला. बराच वेळ सोडलं नाही. त्यावरून काम झालं असं मी समजलो.'