सांडलेली चरवी

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एक गवळी होता बघा. म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोरच धार काढायचा, आणि तोंडाचा पट्टा चालूच. पण दुधाचा एक थेंब खाली पडला तरी गप्प व्हायचा, बोटानं टिपून कपाळाला लावायचा.

आमच्या ह्यांना विस्मरणाचा आजार जडला, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "घरातच ठेवा, चारचौघांत हसं होतंय." मी मात्र ह्यांना रोज कट्ट्यावर न्यायची. गवळी लांबूनच ओरडायचा, "या पैलवान! म्हस थांबलीया तुमच्यासाठी!"

एका संध्याकाळी हातातला दुधाचा पेला तसाच भरलेला असताना ह्यांचं धोतर ओलं झालं. बाकावरचे दोघं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात गवळी उठला, जवळ आला आणि दुधाची भरली चरवी ह्यांच्या धोतरावर ओतली.

"माझाच हात सुटला की!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "हसतायसा काय? फडकं आणा!"

मग खाली वाकून त्यानं दुधाला बोट लावलं, कपाळाला टेकवलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घरी येईस्तोवर हे मलाच समजावत होते, "त्याला रागावू नकोस गं. म्हातारा झालाय बिचारा. सांभाळून घ्यायला पाहिजे."