चुंबळीवरचं मडकं

आखाडा बाळापूरच्या शाळेत दगडोबा मास्तरांनी दहा वर्षं चित्रकला शिकवली आणि त्या दहा वर्षांत त्यांना एकदाही कुणी ड्रॉइंग मास्तर म्हटलं नाही. हजेरीपटावर ते साधे प्राथमिकचे मास्तर, कारण त्यांच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. ते का नव्हतं हे ऐकून कुणाच्याही तळपायाची आग मस्तकाला जावी. मास्तरांची तर ती कधी विझलीच नाही.

घर कुंभाराचं. बाप लवकर गेला, तेव्हा आई सखुबाईनं चाक आणि मडकी भाजायचा आवा दोन्ही सांभाळले. ओल्या मडक्याचं बूड थापटून गोल करण्यात तिचा हात धरणारं आजूबाजूच्या गावांत कुणी नव्हतं. तिनं पोराला शिकायला हिंगोलीला धाडलं. राज्य निजामाचं, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. तिथं त्याला फारुक मास्तर भेटले. त्यांचे वडील कातिब, म्हणजे पोथ्या-किताबांची नक्कल सुंदर अक्षरात उतरवून देणारे. त्यामुळे रेघेच्या बाबतीत फारुक मास्तर कुणाचीच गय करत नसत.

दगडोबाला ड्रॉइंग मास्तर व्हायचं होतं. फारुक मास्तरांनी त्याला तीन वर्षं घासलं. त्याच्या हाताला मडक्याचं तोंड गोल माहीत, पण समोरून पाहणाऱ्या डोळ्याला ते चपटं दिसतं, एवढं गळी उतरायलाच वर्ष गेलं. कागद संपला की तो कोळशानं खापरावर गिरवायचा. मग शिकवायचं कसं, याची तालीम सुरू झाली. फारुक मास्तरांचा त्यात एकच कायदा होता. लेकराच्या पाटीवर आपला हात चालवायचा नाही. दाखवायचं असेल ते फळ्यावर दाखवायचं. एकदा दगडोबानं एका पोराची वाकडी रेघ सरळ करून दिली, तर फारुक मास्तर आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

अडतीस साली हिंगोलीत ड्रॉइंग मास्तरच्या सर्टिफिकेटची परीक्षा झाली. उमेदवार बारा होते आणि परीक्षक कुठून तरी लांबून आलेले एक साहेब. टेबलावर मडकं ठेवलेलं. ते बघून काढायचं, वेळ दोन तास. पण गोल बुडाचं मडकं सपाट टेबलावर राहणार कसं? साहेबांनी त्याच्या खाली फुटक्या पाटीचे दोन तुकडे खुपसले होते. अर्ध्या तासात दगडोबाला दिसलं, की मडकं तसूतसूनं सरकतंय. आता कुंभाराच्या घरात मडकं असं कुणी ठेवतच नाही. भुईवर ठेवायचं तर खळगा आणि डोक्यावर ठेवायचं तर चुंबळ, हे तिथं रांगतं पोरगंही जाणतं. दगडोबा उठला. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, पिळून त्याची चुंबळ केली, दोन्ही हातांनी मडकं उचलून तिच्यावर नीट बसवलं आणि येऊन पुन्हा पेन्सिल धरली. आपण परीक्षेला बसलोय हे तेवढ्या क्षणापुरतं तो विसरूनच गेला होता.

साहेब उखडले. मॉडेलला हात लावला, बाकीच्यांची चित्रं बिघडवली, म्हणाले. तुझी जागा आव्याजवळ, इथं नाही, असंही म्हणाले. त्याचा कागद हिसकावला, रुमाल अंगावर फेकला आणि त्याला बाहेर काढलं. मडक्याखाली पुन्हा तेच तुकडे खुपसले.

दगडोबा पायरीवर दातओठ खात बसला. थोड्याच वेळात आतून मडकं फुटल्याचा आवाज आला. त्याला वाटलं, आता तरी साहेबांना कळेल, आता बोलावतील. कसचं काय! शिपाई बाहेर आला आणि काय म्हणाला असेल? म्हणे, साहेबांनी सांगितलंय, तू कुंभारच आहेस ना, मग बाजारातून तसंच एक मडकं पटकन आणून दे. निर्लज्जपणाला काही सीमा?

दगडोबा उठून उभा राहिला. "साहेबाला सांगा, मडकं द्यायला मी कुंभार, अन् काढायला मी कुणीच न्हाई, असं न्हाई चालायचं. मला आत घ्या, मंग देतो."

शिपाई आत गेला तो परत आलाच नाही. उरलेल्या अकरा जणांनी फुटलेलं मडकं आठवून आठवून काढलं आणि अकराच्या अकरा पास झाले. दगडोबाच्या कागदावर लाल शाईनं शेरा पडला: मॉडेलशी छेडछाड, ड्रॉइंग शिकवण्यास नालायक. फारुक मास्तरांनी त्याच्यासाठी आपल्या सुंदर अक्षरात तीन अर्ज लिहिले. उत्तर म्हणून त्यांचीच बदली दूर कुठं तरी झाली. दगडोबा बाळापूरच्या शाळेत प्राथमिकचा मास्तर म्हणून लागला. तो दर साली परीक्षेचा अर्ज करी आणि दर साली तो शेरा जोडून अर्ज परत येई.

अठ्ठेचाळीस साली निजामी गेली. मास्तरांना वाटलं, आता कुणीतरी तो कागद नव्यानं वाचेल. शाळेला वरचे वर्ग जोडले गेले आणि ड्रॉइंग मास्तरची जागा निघाली. मास्तरांनी अर्ज केला. राज्य बदललं होतं, कपाटातले कागद तेच होते. जागेवर सर्टिफिकेटवाले गोपीचंद मास्तर आले आणि हेडमास्तर तातेरावांनी दगडोबा मास्तरांना वर्ग त्यांच्या हवाली करायला सांगितलं.

मास्तर वर्गात मागं उभे राहिले. गोपीचंदांनी टेबलावर मडकं ठेवलं आणि खाली पाटीचे दोन तुकडे खुपसले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली कनीज उठली. ती दहा वर्षांची, रोज विहिरीवरून घागरी आणणारी पोरगी. तिनं फळा पुसायचं फडकं पिळून चुंबळ केली आणि मडकं तिच्यावर बसवून दिलं. "पडंल ना मास्तर ते," एवढंच म्हणाली.

गोपीचंदांच्या हातातला खडू थांबला. त्यांनी मागं पाहिलं, मग हळूहळू दगडोबा मास्तरांपाशी आले. "रुमालाची चुंबळ करणारे तुमीच का?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "मी होतो त्या दिवशी आत. अजून मनाला लागून राहिलंय."

"मनाला लागून काय उपयोग?" मास्तर म्हणाले. "तोंडानं काहून न्हाई बोलले? अकरा जण होते तुमी."

गोपीचंद वळून वर्गात फिरू लागले. प्रत्येक पाटीवर मडक्याखाली चुंबळ काढलेली. कनीजच्या पाटीशी ते वाकले. चुंबळ दाखवत नसतात, पुढं परीक्षेत मार्क कापतील, असं तिला समजावत त्यांनी ती पुसायला अंगठा पुढं केला.

"पोरीच्या पाटीवर हात चालवू नका," मागून मास्तर कडाडले.

अंगठा पाटीच्या वरच राहिला. गोपीचंद ओशाळून सरळ उभे राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले, "बराबर हाय, ड्रॉइंग मास्तर."

दगडोबा मास्तरांनी ओ दिली नाही.