सातवी पाकळी

आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्याला दहाने भागायचं असतं. हा आमच्या घरातला नियम, बायकोने केलेला. मी 'शंभर माणसं होती' म्हटलं की ती पाहुण्यांना हळूच सांगते, "दहा धरा." पण भुताखेतांना मी कायम शून्यानेच गुणत आलो. भिवंडीत इतकी वर्षं भूमिती शिकवतोय... सिद्धता दाखव, नाहीतर बाकावर उभा राहा!

तर, साल सत्त्याऐंशी. निजामपुऱ्यात करीममिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. आजूबाजूला पॉवरलूमचा असा खडखडाट, की तिथले कावळेसुद्धा खुणेने बोलायचे (भागा दहाने). मिस्त्री लाकडी जाळ्या करायचे. चांदण्या, षटकोन, एकात एक गुंतलेले. खिळा नाही, सरस नाही, नुसती खाचेत खाच. तेव्हा गल्लीतल्या मशिदीच्या खिडकीची जाळी चालली होती. मधोमध सात पाकळ्यांची चांदणी. वयाने मिस्त्रींचे हात थरथर कापायला लागले होते. मशिदीच्या कमिटीने बजावलेलं— शुक्रवारच्या नमाजाआधी जाळी लागली तर ठीक, नाहीतर सिमेंटची तयार आणू. हात असे झालेले, म्हणजे मिस्त्रींचं हे शेवटचंच काम. आणि लाकूड? त्यांच्या आजोबांच्या गलबताचं सागवान, त्यातली उरलेली एकुलती एक फळी.

यात मी नाक खुपसलं. "मिस्त्री, कंपास-पट्टीने वर्तुळाचे सात सारखे भाग होतच नाहीत. गणितात सिद्ध झालंय. शेवटच्या पाकळीला फट राहणार!"

"रहने दो मास्टर," सुतळीला गाठ मारत ते म्हणाले, "तुमचं गणित किताबात राहतं. मेरेको खिडकी में बिठाना है."

झालं! मी चहाच्या हॉटेलात, स्टाफरूममध्ये, भाजीवालीपाशीसुद्धा जाहीर केलं— फट राहिली नाही तर मिशी उतरवीन!

गुरुवारी दुपारी दुकानात गेलो. सहा पाकळ्या बसलेल्या, सातवी बाजूला ठेवलेली. मिस्त्री नमाजाला गेले होते. मी पाकळी उचलली, जागेवर ठेवली, अंगठ्याने दाबली... टक्! फटीत केससुद्धा शिरेना. अख्खी जाळी दगडासारखी घट्ट.

आता मिशीचं काय?

मी पाकळी काढली आणि— खरं लिहितो— खिशात घातली. घटकाभर गंमत, मग देऊन टाकू. तेवढ्यात मेहुणा रिक्षा घेऊन दारात. "अहो भाऊजी, सगळं गाव शोधलं! वज्रेश्वरीची एसटी सुटतेय, चला!" सासूबाईंचा नवस होता. गेलो.

पाकळी आठवली ती वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर, पँट उतरवताना. गरम पाण्याच्या काठावर मला थंड घाम फुटला. सातवी नसली तर जाळी उभी करताच सगळे तुकडे सांडणार. दुसरी करायला लाकूड नाही. आणि परतीची शेवटची एसटी गेलेली!

सकाळी पहिल्या गाडीने आलो. शुक्रवार, लूमना सुट्टी. गल्ली इतकी शांत की माझ्याच चपलांनी मी दचकत होतो. दुकानात शिरलो आणि... जाळी भिंतीला उभी. पुरी. मी मोजलं. सात. परत मोजलं. सात. खिशात हात घातला— पाकळी खिशातच!

मिस्त्रींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मास्टर, कल नमाज से आया तो सातवी गायब. पुरं दुकान उलटं केलं, नाही सापडली. सुबह ताला खोला, तो बैठी हुई! मैं समझ गया, आप ही ने कहीं से ढूंढ के रखी. कुलूप कसं उघडलंत ते नाही विचारत."

"मिस्त्री, मी..." म्हणालो, पण त्यांचे डोळे भरलेले. मी निमूट चहा प्यालो.

जाळी उचलायला हात लावला तेव्हा मागची बाजू पाहून घेतली. मिस्त्री प्रत्येक पाकळीच्या पाठीवर पेन्सिलीने उर्दू आकडा घालायचे. त्यांचा सात इंग्रजी व्हीसारखा. माझ्या खिशातल्या पाकळीवर तो कापऱ्या हाताचा, अळीसारखा वळवळता. जाळीतल्या सातवीवरही सातच... पण रेघ सरळ, एका झटक्यात ओढलेली. मिस्त्रींच्या हाताला तशी रेघ कधीची जमत नव्हती.

मिशी उतरवली. शाळेत पोरं आठवडाभर हसत होती. कुणाकडे चावी होती? दुसरी पाकळी कुठल्या लाकडाची? आठ वर्षं डोकं खाजवतोय. मिस्त्री मागल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत भेटेल त्याला सांगायचे, "मास्टर ने मेरी इज्जत रखी." प्रत्येक वेळी माझा हात खिशाकडे जायचा, आणि तोंड बंदच राहायचं.

परवा पहिल्यांदा बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, आता दहाने भागेल. तिने पाकळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, पाठीवरच्या सातावरून बोट फिरवलं.

मग म्हणाली, "ही तर एकच आहे हो. हिला कशाने भागू?"