एकालाही डाग नाही

रत्नागिरीत दाढ काढायला गेलो तेव्हा समोरच्या बाकावर एकजण बसला होता. जबडा तारांनी बांधलेला, मांडीवर वही.

"एरवी मोडलेले जबडे क्वचित येतात," दाराशी नंबर देणाऱ्या बाई म्हणाल्या. "आंब्याचे दिवस आले की मात्र धरून चालायचं."

हा आंब्याच्या फांदीवरून थेट हनुवटीवर आला होता.

"हात नाही टेकलेत?" मी विचारलं.

त्याने सावकाश लिहिलं, 'हातात आंबे उतरवायचा झेला होता. जाळीत सहा हापूस.' वही माझ्यापुढे धरली, परत ओढली आणि खाली जोडलं, 'एकालाही डाग नाही.' चेहरा जेवढा हलत होता, तेवढ्यावर समाधान दिसलं.

"बाग तुमचीच?"

याला वही लागली नाही. जबडा सांभाळत त्याने मान एकदा डावीकडे नेली, एकदा उजवीकडे.